क्षमा झाली म्हणजे हिशेबही मिटला का?

कंदील (धागाकर्ता)

नमस्कार. एका गोष्टीवरून डोकं भणभणलंय. इथे सगळ्या पंथांचे आणि कुठल्याच पंथात नसलेलेही लोक आहेत म्हणून विचारतोय.

आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) खजिनदारांनी अर्पणातले पैसे स्वतःसाठी वापरले असं उघडकीला आलं. नाव-गाव विचारू नका, सांगणार नाही. प्रकार असा की देणाऱ्याच्या हातात जायची त्या पावतीवर खरी रक्कम आणि पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर कमी रक्कम, मधला कार्बन काढून दोन्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या. अक्षर तेच, सही तीच, आकडा तेवढा वेगळा. एका आजींनी नवऱ्याच्या स्मरणार्थ देणगी दिली होती, वार्षिक अहवालात त्यांच्या नावापुढे भलताच आकडा दिसला म्हणून त्या पावती घेऊन आल्या. मग एकेक करत बाकीच्यांच्या पावत्या निघाल्या.

पुढच्या रविवारी उपासना संपताना ते स्वतः उठले, सगळ्यांसमोर रडले, म्हणाले मी देवापुढे पाप कबूल केलंय आणि ख्रिस्ताच्या रक्ताने मला क्षमा झालीय. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, लोकांनी मिठ्या मारल्या, मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर कमिटीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं की एकूण रक्कम किती, परत कधी येणार आणि पुस्तकं आता कोणाकडे राहणार, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू पैसे मीच खाल्लेत. एक ज्येष्ठ म्हणाले, देवाने जी पापं समुद्राच्या तळाशी टाकली (मीखा ७:१९) ती वर काढणारा तू कोण?

पुस्तकं अजून त्यांच्याकडेच आहेत!!

तर प्रश्न असा की देवाने क्षमा केली म्हणजे माणसांपुढचा हिशेबही संपतो का? आणि तो मागणारा माणूस क्षमा न करणारा ठरतो का?

---

तिरपागडा

पहिला!

बारा शिष्यांचा खजिनदार कोण होता ते आठवा आणि धागा बंद करा. यहूदा इस्कर्योत, येशूला धरून देणारा, योहान १२:६. पैशांची पिशवी त्याच्याकडे आणि त्यातलं तो काढायचा, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे परंपरा जुनी आहे. (हलके घ्या.)

---

मोहरीचा_दाणा

कंदीलदादा, तुमचा त्रास समजतो पण मला ज्येष्ठांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. इफिसकरांस २:८-९ काय म्हणतं? तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि ते आपल्या कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये. आता आपण म्हणायला लागलो की आधी पैसे भर मग तुला क्षमा, तर वधस्तंभावर नेमकं काय झालं? उरलेलं बिल आपण भरायचं का?

उधळ्या पुत्राची गोष्ट बघा ना, लूक १५. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उडवतो आणि घरी परत येतो. पोराने पाठ करून आणलेलं भाषण पूर्ण व्हायच्या आत बापाने झगा आणि अंगठी मागवली. किती उडवलेस, कशावर उडवलेस, एक शब्द नाही. हिशेब कोण मागतो त्या गोष्टीत? मोठा भाऊ. आणि तो घराच्या बाहेर उभा आहे. मला भीती वाटते की आपण चर्चमध्ये वर्षानुवर्षं बसून बसून सगळे मोठे भाऊ होतो.

---

चष्मा

मोहरीताई, आठव्या-नवव्या ओवीवर थांबू नका, दहावी वाचा. आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलं असं लगेच पुढे आहे. पुढची ओळ न वाचता वचन सांगायची सवय आपल्याकडे सर्वपंथीय आहे, त्यात तरी एकी झाली म्हणायची.

आता उधळा पुत्र. त्याने उडवलं ते वाटणी होऊन त्याच्याकडे आलेलं, त्याचा स्वतःचा वाटा. चोरी नव्हती. आणि ३१वी ओवी बघा, बाप मोठ्याला सांगतो की माझं जे आहे ते सगळं तुझं आहे. म्हणजे धाकट्याला घर मिळालं, बाप मिळाला, झगा मिळाला, पण दुसरी वाटणी झाली नाही. गेलेलं गेलं. मला तर ही गोष्ट कंदील यांच्याच बाजूची वाटते.

चोरीची गोष्ट हवी असेल तर लोकांना फसवून श्रीमंत झालेला जकातदार जक्कय आहे की, लूक १९. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. हे चौपट त्याने हवेतून नाही काढलं, निर्गम २२:१ मध्ये चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकाला चार असा नियम आहे. दावीद राजाने आपला सैनिक उरीया याची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवलं, त्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला श्रीमंताने हिरावलेल्या गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीदाच्या तोंडूनही हेच आलं, चौपट भरलं पाहिजे (२ शमुवेल १२:६). आणि लेवीय ६ मध्ये माणूस आपणहून कबूल करतो तेव्हा काय करायचं तेही दिलंय: मुद्दल पूर्ण, वर पाचवा हिस्सा, ज्याचं त्याला द्यायचं, आणि त्याच दिवशी दोषार्पण. देवापुढची भेट आणि मालकाची परतफेड, दोन्ही एकाच दिवशी. यातलं एक केलं की दुसरं माफ असं कुठे आहे दाखवा.

---

मोहरीचा_दाणा

@चष्मा, जक्कयाचा क्रम पण बघा की मग. जक्कय चढून बसलेल्या झाडाखाली उभा राहून येशू म्हणतो मला आज तुझ्या घरी उतरायचंय. तेव्हा जक्कयाने एक दमडीही परत केलेली नव्हती. आधी येशू घरी गेला, मग चौपट. तुम्ही लोक आधी चौपट मागताय आणि मग घरी जाणार.

---

चष्मा

क्रम एकशे एक टक्के मान्य. पण धाग्यातल्या गोष्टीत येशू घरी जाऊन आलाय, रडून झालंय, मिठ्या झाल्यात. आता ८वी ओवी (चौपट परत करायची) कधी येणार एवढंच विचारतोय तो बिचारा.

---

अजून_एक_आयडी

+१ चष्मा. दंडवत.

---

बाहेरचा_माणूस

मी ख्रिस्ती नाही, किंबहुना कशातच नाही, त्यामुळे राग मानू नका पण बाहेरून बघणाऱ्याला ही योजना फारच सोयीची वाटते. आयुष्यभर काय हवं ते करा आणि शेवटच्या दिवशी सॉरी म्हणा, खातं निल. आमच्याकडे निदान कर्माचं फळ भोगायला परत जन्म तरी घ्यावा लागतो असं आजी सांगायची. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा मरायच्या जरा आधी, ३३७ साली घेतला असं वाचलंय, तो हुशारच म्हणायचा.

---

जुनी_वही

बाहेरचा_माणूस, कॉन्स्टंटाइन एकटा नव्हता हो, चौथ्या शतकात बाप्तिस्मा लांबवणं सर्रास चालायचं. पण ते सोयीपेक्षा भीतीने जास्त. एकदा धुतल्यावर परत डाग पडला तर काय, याची लोकांना धास्ती असायची कारण मोठ्या पापाला नंतर मिळणारं प्रायश्चित्त फार कडक आणि सगळ्यांदेखत असायचं. पुढे मोठा बिशप आणि धर्मपंडित झालेल्या ऑगस्टिनच्या आईने त्याच्या लहानपणी बाप्तिस्मा पुढे ढकलला त्यामागे हेच होतं. म्हणजे त्या काळच्या लोकांना जबाबदारी हलकी वाटत नव्हती, उलट जरा जास्तच जड वाटत होती.

---

उंबरठा

बाहेरचा_माणूस यांनी शेवटच्या क्षणाचा मुद्दा काढलाय तर येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला चोर बघू या (लूक २३). त्याला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे मिळालं हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी तो दुसऱ्या चोराला काय म्हणाला ते कोणी सांगत नाही. आपल्याला मिळतेय ती शिक्षा योग्य आहे, आपण केल्याचं फळ भोगतोय, हे तो स्वतः म्हणाला. आणि सुखलोकाचं वचन मिळाल्यावर त्याला कोणी खिळे काढून खाली उतरवलं नाही. क्षमा पूर्ण मिळाली आणि शिक्षाही तशीच राहिली. एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच दुपारी.

---

बाहेरचा_माणूस

हे माहीत नव्हतं. विचार करण्यासारखं आहे. वाचतोय.

---

पेन्सिल

मी कॅथलिक, त्यामुळे आमच्या बाजूचं सांगते. लोकांना वाटतं कन्फेशन म्हणजे फादरच्या कानात सांगितलं की सुटलो. प्रत्यक्षात त्यात पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई असे भाग आहेत, आणि फादरने पापमुक्ती दिली तरी केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. १९९२च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद १४५९ मध्ये अगदी उदाहरणासकट दिलंय की चोरलेलं परत करायचं, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव परत उजळायचं. पैसे परत करायची तयारीच नाही असं दिसलं तर फादर पापमुक्ती द्यायला नकार देऊ शकतात, कारण मग पश्चात्ताप कसला?

मात्र कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, बिशपना नाही. मुद्दाम थेट फोडलं तर ते त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतात. यावर बाहेर खूप वाद आहेत, मला माहितीय, तो वेगळा धागा होईल.

---

तिरपागडा

म्हणजे कॅथलिक खजिनदार असता तर फादरना माहीत, देवाला माहीत, आणि कमिटी अजून बेरीज करत बसलेली.

---

पेन्सिल

तिरपागडा, हसू आलं पण नाही 😄 फादर त्याला सांगणारच की जा आणि पैसे ठेवून ये. गुपचूप ठेवलेत तरी चालतं, नाव जाहीर करायची सक्ती नाही. आमच्याकडे दानपेटीत नाव नसलेली जाड पाकिटं कधीकधी निघतात, त्यातली काही याच मार्गाने आलेली असणार असा माझा कायमचा संशय आहे.

---

जुनी_वही

आता पंथांचा विषय निघालाच आहे तर थोडं जुनं. (लांबण लागेल, ज्यांना नको त्यांनी खाली सरकावं.)

विश्वास की कृत्यं या वादात लोक असं समजतात की प्रोटेस्टंट सुधारणेचा जनक लूथर म्हणाला वागणुकीने काही फरक पडत नाही आणि कॅथलिक म्हणाले कर्मांनी स्वर्ग विकत घ्या. दोन्ही खोटं. लूथरला याकोबाचं पत्र (कृत्यांशिवाय विश्वास मेलेला आहे असं सांगणारं) आवडत नव्हतं हे खरं, १५२२च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं, नंतरच्या आवृत्त्यांत ते वाक्य गाळलं. पण त्याच १५२२ साली रोमकरांच्या पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विश्वास जिवंत असेल तर तो चांगलं केल्याशिवाय राहूच शकत नाही. आणि कॅथलिकांच्या त्रेंतच्या परिषदेने १५४७ साली जे ठरवलं त्यात हेही आहे की नीतिमान ठरवणारी कृपा आधीच्या कोणत्याही कर्माने कमावता येत नाही. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६मध्ये मेथडिस्ट आले, २०१७मध्ये रिफॉर्म्ड (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ). स्वीकार कृपेने, आणि त्यातून सत्कृत्यांकडे पाचारण, हे सगळ्यांनी मिळून लिहून दिलंय. बारीकसारीक मतभेद आहेतच.

म्हणजे आपल्या खजिनदारांना कुठल्याही पंथात जाऊन पळवाट नाही.

आणि मोहरीताई, कृपा फुकट असते पण स्वस्त नसते हा फरक जर्मन पास्टर बोनहोफरने १९३७ साली मांडला. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि शिस्तीशिवाय बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांबद्दल तो बोलत होता. नाझींनी ९ एप्रिल १९४५ला त्याला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिलं, म्हणजे किंमत मोजलेला माणूस आहे.

---

अजून_एक_आयडी

वाचनखूण साठवली. जुनी_वही, तुमचे प्रतिसाद छापून घ्यायला पाहिजेत.

---

मोहरीचा_दाणा

जुनी_वही, बोनहोफर मला मान्य आहे, पश्चात्ताप नको असं मी कुठे म्हटलं? मी म्हणते पश्चात्ताप मोजायचं मशीन आपल्याकडे नाही. तो माणूस सगळ्यांसमोर उभा राहिला. किती जण राहतात? पैसे द्यायलाच पाहिजेत पण ते त्याच्या मनातून यायला हवं, कमिटीच्या नोटिशीतून आलं तर ती वसुली झाली.

---

उंबरठा

मग वसुली होऊ दे की! पैसे मंडळीचे आहेत. त्याच्या मनाची वाढ होईपर्यंत आजींची देणगी त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवायची का?

आता जरा सविस्तर लिहिते कारण हा विषय माझ्या जवळचा आहे. पैशांपेक्षा फार वाईट गोष्टींतही हाच सूर लावला जातो. मी आधी ज्या मंडळीत होते तिथे एका पुढाऱ्याच्या वागण्याबद्दल तरुण मुलींची तक्रार होती. काय झालं? मत्तय १८:१५ दाखवलं. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला एकांतात जाऊन सांग. एकांतात! ज्या माणसाबरोबर एकांतात असण्याचीच तिला भीती, त्याच्याकडे तिने एकटीने जायचं. का, तर शास्त्रात पायऱ्या दिल्यात. त्याच अध्यायात वर ६वी ओवी आहे, लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, ती मात्र कोणाला आठवली नाही. मग ७०च्या सातपट क्षमेचा उपदेश झाला, कोणाला? तिला. आणि ती गप्प बसेना तेव्हा कडवट मनाची म्हणून शिक्का मारला. कंदील, तुम्हाला जो शिक्का मिळतोय तोच.

तेव्हापासून माझे साधे प्रश्न असतात. अपराध कोणाचा झाला आणि क्षमा कोण वाटतंय? कमिटीतल्या ज्येष्ठांचं काय गेलं होतं? स्तोत्र ५१ मध्ये दावीद देवाला म्हणतो तुझ्याविरुद्ध, तुझ्याच विरुद्ध मी पाप केलं. सुंदर स्तोत्र आहे, पण मी ते म्हणताना दर वेळी अडखळते. उरीयाचं काय? बथशेबेचं काय?

आणि १ करिंथ ६ मधलं "बंधूंनी कोर्टात जाऊ नये" हे गुन्ह्यांना लावू नका प्लीज. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे आपसातल्या दाव्यांबद्दल बोलतोय. गुन्ह्याला शासन करायला अधिकारी नेमलेत हे त्यानेच रोमकरांस १३ मध्ये लिहिलंय.

---

अजून_एक_आयडी

उंबरठाताई, हात जोडले.

---

निवांत

सगळं पटतंय तरी दुसरी बाजू मांडतो, कारण धागा एकतर्फी व्हायला लागलाय. हिशेब मागणं वेगळं आणि माणूस संपवणं वेगळं. आमच्या इथे असंच प्रकरण झालं, रक्कम लहान होती, त्या माणसाने व्याजासकट भरली, पद सोडलं. तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या नावाने जोक फिरत राहिले, त्याची मुलगी युवक गटात आली की बायका आपापल्या पर्सेस मांडीवर घ्यायच्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मुलीने काय केलं होतं? बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, हे यहेज्केल १८ मध्ये एवढं स्वच्छ लिहिलंय. ते कुटुंब शेवटी यायचं बंद झालं.

करिंथच्या मंडळीला पौल पहिल्या पत्रात (अध्याय ५) म्हणतो, वडिलांच्या बायकोबरोबर राहणाऱ्या त्या माणसाला बाहेर काढा. दुसऱ्या पत्रात (अध्याय २) म्हणतो बहुतेकांनी केली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. पहिलं पत्र वाचणाऱ्या मंडळ्या असतात आणि दुसरं वाचणाऱ्या असतात, दोन्ही वाचणारी मी अजून शोधतोय.

---

चष्मा

निवांत, उत्तम. एक बारीक शंका, दुसऱ्या पत्रातला माणूस पहिल्यातलाच का यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बरेच जण म्हणतात वेगळं प्रकरण.

---

निवांत

असेल वेगळा. मग दोघांनाही धीर द्या.

---

पारिजात

थोडं अवांतर होतंय पण विचारते. ज्या पास्टरांनी मला बाप्तिस्मा दिला त्यांचं नंतर बरंच काय काय बाहेर आलं. मग माझा बाप्तिस्मा खरा का? घरात यावर भांडण झालंय, सासरे म्हणतात परत घे.

---

जुनी_वही

पारिजात, तुमच्या घरातलं भांडण सतराशे वर्षं जुनं आहे 🙂 सम्राट डायोक्लेशनच्या छळात (३०३पासून) काही पुढाऱ्यांनी जीव वाचवायला पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारी माणसांच्या हवाली केल्या. पुढे कार्थेजला नवा बिशप झाला तेव्हा गलका झाला की याला अभिषेक देणाऱ्यांतला एक असाच प्रती देणारा होता, म्हणून याचं सगळं रद्द. हे म्हणणाऱ्यांना पुढे डोनाटिस्ट म्हणायला लागले. ३१४च्या आर्ल्सच्या परिषदेने ते मान्य केलं नाही, आणि नंतर ऑगस्टिनने सविस्तर मांडलं की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नसतो. बहुतेक मोठ्या मंडळ्या आजही हेच धरतात.

त्यामुळे परत घ्यायची गरज नाही. पण याचा उलटा अर्थ काढू नये. संस्कार वैध म्हणून संस्कार देणाऱ्याची चौकशीच नको असं ऑगस्टिन कुठे म्हणत नाही. याकोब ३:१ म्हणतं शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होईल.

---

पारिजात

धन्यवाद! सासऱ्यांना प्रिंट काढून देते.

---

तिरपागडा

प्रिंट जपून. कार्बन घालून काढा.

---

वादळवारा

सगळ्यांनी दावीदाला सोयीने वापरलंय. नाथान म्हणाला परमेश्वराने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. बरोबर. आणि घरातून तलवार जाणार नाही हेही म्हणाला, मूल गेलं, पुढे मुलगा अबशालोम याचं बंड. परिणाम सुटले नाहीत, मान्य. पण दावीद राजाच राहिला ना? पद गेलं का त्याचं? मग खजिनदारांचं पद जायलाच हवं हे कशावरून? शिष्य पेत्राने तर येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं आणि त्यालाच कळप सोपवला.

---

उंबरठा

पेत्राने मासे विकून पैसे लपवले नव्हते, वादळवारा. तो घाबरला आणि कोसळला. ज्या कामात विश्वासघात झाला तेच काम परत लगेच द्यायचं का हा प्रश्न आहे. आणि दावीद राजा राहिला हे आदर्श म्हणून सांगताय की हकीकत म्हणून? पुढे त्या घराचं काय झालं ते वाचून मला तरी हेवा वाटत नाही.

---

वादळवारा

"लगेच" या शब्दावर आपलं जमेल. मी म्हणतो कायमचं दार बंद करू नका. तुम्ही म्हणताय उद्या सकाळी किल्ली देऊ नका. हे भांडणच नाही बहुतेक.

---

पेन्सिल

धाग्यावर कोणीतरी सहमत झालं, स्क्रीनशॉट काढलाय.

---

शांत_वाचक

मेथडिस्ट आहे, कधी लिहीत नाही पण एक भर घालतो. आमच्या पंथाचा संस्थापक वेस्ली याने १७३८च्या नाताळाला छोट्या गटांसाठी नियम लिहिले. दर आठवड्याला भेटायचं आणि प्रत्येकाला विचारायचं की मागच्या भेटीनंतर तू जाणूनबुजून कोणतं पाप केलंस, कोणत्या मोहात सापडलास, त्यातून कसा सुटलास. आणि गटात घेण्याआधीच विचारायचे, तुझे दोष तुला तोंडावर सांगितलेले चालतील का? पापाला वर्षानुवर्षं एकट्याने वाढायला जागाच मिळू नये हा हेतू. आता आमच्याकडेही गट आहेत पण तिथे "सगळं ठीक, प्रार्थना करा" एवढंच होतं. खजिनदारांना दर आठवड्याला कोणी विचारणारं असतं तर कदाचित पहिल्याच खोट्या पावतीला हात थरथरला असता. वार्षिक हिशेब म्हणजे फार उशीर.

---

तिरपागडा

दर आठवड्याला?? आमच्या गटात एवढे पवित्र लोक आहेत की पहिल्या प्रश्नालाच खोटं बोलून तिथेच नवीन पाप तयार होईल.

---

मोहरीचा_दाणा

तिरपागडा, त्याचीही सोय शास्त्रात आहे. हनन्या आणि सप्पीरा, जमीन विकून आलेल्या पैशांतले काही लपवणारं जोडपं, प्रेषितांची कृत्ये ५. जमीन त्यांची, पैसे त्यांचे, ठेवून घेतले असते तरी चाललं असतं असं पेत्र स्वतः म्हणतो. खोटं बोलले म्हणून तिथेच मरून पडले. तुमच्या गटाला ॲम्ब्युलन्स लागेल.

---

तिरपागडा

मोहरीताईंनी मारला!! 😂

---

कंदील (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढा प्रतिसाद येईल वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

चष्मा यांचं लेवीय ६ आणि निवांत यांचं करिंथ, दोन्ही एका कागदावर लिहून पास्टरांकडे गेलो. तासभर बोललो. ते म्हणाले की डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला वाटलं मी त्या माणसाला सावरतोय, पैशांचं नंतर बघू असं मनात होतं, पण मग ते "नंतर" बोलायला तोंडच उरलं नाही. पुढच्या मीटिंगला त्यांनी स्वतः विषय काढला. खजिनदार आधी भडकले, मग गप्प झाले, मग पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक आणून टेबलावर ठेवलं. रक्कम हप्त्यांनी भरणार, लेखी दिलंय. पाचवा हिस्सा वर भरायचं कोणी सुचवलं नव्हतं, ते त्यांच्या बायकोने सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं असं दिसतं.

आजींकडेही ते गेले, पास्टरांबरोबर. आजी म्हणाल्या माफ केलंय रे, पण ह्यांच्या नावाची रक्कम रजिस्टरात नीट लावून घ्या.

आता दोन गोष्टी अडल्यात. एक, हे सगळं उपासनेत जाहीर सांगायचं का? दोन, पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं? ज्येष्ठ म्हणताहेत जास्त नियम केले तर देवाच्या घरात अविश्वास दाखवल्यासारखं होईल.

---

उंबरठा

कबुली सगळ्यांसमोर झाली होती, मग परतफेडीचं ठरलंय हेही सगळ्यांसमोर सांगा. दोन वाक्यांत. रक्कम, मुदत, पुस्तकं आता कोणाकडे. त्याहून जास्त नको, आणि त्यांच्या बायको-मुलांचा उल्लेख अजिबात नको.

---

निवांत

+१. आणि त्या रविवारी त्यांच्या बाकावर त्यांच्या शेजारी कोण बसणार ते आधी ठरवून ठेवा. मी गंमत करत नाहीये. तुम्हीच बसा, कंदील.

---

मोहरीचा_दाणा

हे छान सुचवलंत निवांत. आणि कंदीलदादा, मला अजूनही वाटतं की ते पासबुक आणून ठेवणं हे रविवारच्या रडण्याचंच पुढचं पाऊल होतं, वेगळं काही नव्हतं. तुम्ही ढकललंत म्हणून पडलं, ठीक आहे. पण कृपा आधी आली होती.

---

चष्मा

यावर मी भांडणार नाही. (आज.)

नियमांबद्दल: ज्येष्ठांना २ करिंथ ८:१८-२१ दाखवा. यरुशलेमच्या गरिबांसाठी मोठी वर्गणी न्यायची होती तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, आणि कारणही सांगितलं, एवढ्या रकमेवरून आम्हाला कोणी नाव ठेवू नये, प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही जे योग्य ते करायचं. प्रेषित स्वतःवर पहारा बसवून घेतो आणि आपल्या खजिनदाराला लगेच अपमान वाटतो.

व्यवहारात: अर्पण मोजायला कायम दोघं, दर रविवारी वेगळी जोडी, मोजून झालं की तिथेच आकडा लिहून दोघांच्या सह्या. पावतीपुस्तकाला छापील क्रमांक, रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती पुस्तकातच चिकटवायच्या. चेकवर दोन सह्या. मोजणाऱ्याने बँकेत भरायचं नाही आणि भरणाऱ्याने वही लिहायची नाही. तपासणीस बाहेरचा.

---

तिरपागडा

आमच्याकडे चेकवर दोन सह्या आहेत की. एक खजिनदारांची, एक सेक्रेटरींची. नवरा-बायको आहेत.

---

चष्मा

त्यातली एक उद्याच बदला.